चुकांचा भात

भातबाई कुठेही जेवायला बसल्या की पहिला घास घेण्याआधी ताटातलं एक शीत उचलायच्या. दोन बोटांत दाबायच्या, उजेडाकडे धरायच्या आणि विचारायच्या, "कोणाचं पोर हे?" डोंबिवलीच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये वाढपी घाबरून म्हणाला होता, "मॅडम, ताजा आहे भात, आत्ताच उतरवलाय." बाई म्हणाल्या, "ताजा आहेच हो. मी याच्या आजीला ओळखत होते. गुणी होती, फक्त वाऱ्यात आडवी पडायची." वाढप्यानं त्यांच्या पानात गुपचूप दुसरी मूद ठेवली आणि जेवण संपेपर्यंत आमच्या पंगतीकडे फिरकला नाही. मी शेजारी मान खाली घालून जेवत होते. तेव्हा मला त्यांची लाज वाटायची.

बाई भाताच्या अनुवंशशास्त्रज्ञ होत्या. सगळी नोकरी त्यांनी एका सरकारी भात संशोधन केंद्रात केली. त्यांनी तयार केलेल्या वाणांना नावं नव्हती, नुसते क्रमांक होते, आणि ते क्रमांक बाई नातवंडांची नावं घ्यावीत तसे घ्यायच्या. खाऱ्या जमिनीत भात कसा तगतो, हा त्यांचा आयुष्यभराचा प्रश्न. त्यावरचे त्यांचे लेख अजून वाचले जातात, आणि त्यांच्याकडे शिकलेले लोक आज देशातल्या बऱ्याच केंद्रांत मोठ्या जागांवर आहेत. रविवारी सकाळी त्यांचा फोन सतत वाजायचा. कुणी आसामातून, कुणी केरळातून. बाई कुणालाच "कसा आहेस?" विचारत नसत. "लोंब्या आल्या का?" एवढंच विचारत. समोरच्याला त्यातच सगळं मिळायचं.

निवृत्त झाल्यावर त्या डोंबिवली पूर्वेला एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आल्या आणि वरच्या गच्चीवर त्यांनी प्लास्टिकच्या टबांमध्ये भात लावला. सोसायटीच्या सेक्रेटरींशी त्यांचं बारमाही युद्ध चालू असे. "मॅडम, स्लॅबला ओल येते." "येऊ दे की. तुम्ही नळाला पाणी येत नाही म्हणून रडता, मी आणते तर ओरडता." दर दिवाळीला सेक्रेटरी गच्ची रिकामी करण्याची नोटीस द्यायचे. बाई नोटिशीच्या कोऱ्या बाजूवर टबांचा नकाशा काढायच्या.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा एम.एस्सी. होऊन वर्ष झालं होतं. मी ठाण्याची, वर्तकनगरची. शाळा, कॉलेज सगळं इंग्रजीतून. घरी मराठी बोलायचो, पण मराठीत सलग पानभर मी शाळा सुटल्यावर लिहिलं नव्हतं. बोलायलाही मला कमीच आवडायचं. कॉलेजमधल्या एका मॅडमनी बाईंचं नाव सुचवलं. बाईंनी माझी मार्कशीट बघितली नाही. एक चिमटा हातात दिला आणि टेबलावर सांडलेली खसखस एकेक दाणा उचलून वाटीत टाकायला सांगितली. मी टाकत बसले. त्या आत जाऊन वरण फोडणीला घालून आल्या. वाटीत बघून म्हणाल्या, "हात चांगला आहे. तोंड उघडत नाहीस, ते एक चालवून घेईन. पण वही मराठीत लिहायची." मी म्हटलं, "मॅडम, माझं मराठी..." "बाई म्हण. आणि तुझं मराठी वाईट आहे ते मला ऐकू येतंय. या वह्या बियाणं देणाऱ्या माणसांना दाखवायच्या असतात. त्यांनी दुभाषा कुठून आणायचा?"

बियाणं देणारं माणूस म्हणजे हिराबाय. डोंबिवली पश्चिमेच्या पुढे, खाडीच्या काठाला तिचं गाव. उधाणाचं खारं पाणी बांध ओलांडून शेतात येतं, आणि तिथे ती अजून 'राता' लावायची. उंच वाढणारा, लाल तांदळाचा जुना भात. भोवतीची शेतं विकली गेली होती, तिची दोन टिकली होती. भातबाई हे नाव तिनंच पाडलं. तिच्या ओटीवर एकदा चहा पिताना बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला होता, राताशेजारी पांढरा भात लावला तर मिसळ होते का. हिराबाय म्हणाली, "व्हते कवा कवा. पन राता आयशीवर जातंय, बाय. आयस राता आसंल तर खारान जगंल. बापूस राता आसला तर काय खरं नाय."

बाईंनी कप खाली ठेवला. परतताना घराशी रिक्षातून उतरल्यावर म्हणाल्या, "सगळी नोकरी मी राताला बाप केलं गं. सोयीचं पडायचं म्हणून. त्याला आई करून नीट बघितलंच नाही."

हा त्यांच्या आयुष्यातला शेवटचा मोठा प्रश्न होता, आणि तो सोडवायची पद्धत सोपी होती. एकदा राता आई आणि पांढरा भात बाप, एकदा उलट. दोन्हींची पोरं खाऱ्या पाण्यात लावायची आणि कोण जगतं ते बघायचं. पण भाताचं लग्न लावणं कठीण असतं. भाताचं फूल मिटलेलं असतानाच स्वतःचं स्वतःशी उरकून मोकळं होतं. म्हणून ज्याला आई करायचं त्याच्या फुलाचं टोक ऊन चढायच्या आत कात्रीनं उडवायचं, आतल्या परागाच्या सहा बारीक पिवळ्या पिशव्या चिमट्यानं काढायच्या, लोंबीवर कागदाची पिशवी चढवायची आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बापाचा पराग झटकायचा. सहातली एक पिशवी जरी आत राहिली तरी फूल बापाची वाट बघत नाही.

म्हणून बाईंचा लाल दोरा. एखाद्या लोंबीबद्दल जराही शंका आली, एक पिशवी फुटल्यासारखी वाटली, हात हलला, तर लोंबीला लाल दोरा बांधायचा आणि पुढे जायचं. त्या लोंबीचं बी प्रयोगात जात नसे. कुणी बांधला, का बांधला, हे विचारायचं नाही. "शंकेला दंड नाही," त्या म्हणत. चिठ्ठीवर आई-बापांची नावं लिहायची, काम करणाऱ्याचं नाही. एका जोडीचं सगळं बी शेवटी एकाच पाकिटात जायचं. मी एकदा विचारलं होतं, कोणी केलं ते लिहून ठेवलेलं बरं नाही का? "एकदा नावं लिहिली की माणसं भाताकडे बघायचं सोडून एकमेकांकडे बघतात," बाई म्हणाल्या.

आणि हंगाम संपला की चुकांचा भात. लाल दोऱ्याचं, बाद झालेलं, घोटाळ्याचं असं सगळं बियाणं एकत्र कांडून त्या शिजवत आणि काम करणाऱ्या सगळ्यांना जेवायला बोलावत. वर साजूक तूप, सोबत कुळथाचं पिठलं. जेवताना प्रत्येकानं आपली त्या वर्षीची एक चूक सांगायची. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ही रीत आपापल्या केंद्रांत नेली आहे. मोठमोठे शास्त्रज्ञ वर्षातून एकदा भाताचे घास घेत आपण काय घोळ घातला ते सांगतात, आणि बाहेरच्यांना वाटतं कुणाचा तरी वाढदिवस असावा.

हे सगळं मला माहीत होतं. म्हणून पुढचं लिहायला मला इतका वेळ लागला.

त्या ऑक्टोबरात आम्ही दोघी रोज सकाळी साडेसहाला गच्चीवर असायचो. राताच्या काही लोंब्या त्या करायच्या, काही मी. पहिल्या आठवड्यात मी पुष्कळ लाल दोरे बांधले. नवीन होते, प्रत्येक फुलाची शंका यायची. एका सकाळी सेक्रेटरी तक्रार घेऊन वर आले आणि माझ्या टबाकडे बघून म्हणाले, "काय मॅडम, तोरण बांधलंय? लग्न आहे वाटतं झाडाचं?" बाई चिमट्यावरून नजर न हलवता म्हणाल्या, "हो ना. तुम्ही मुलाकडचे. तिकडे उभे राहा आणि मानपान मागू नका." मग माझ्याकडे बघून हसून म्हणाल्या, "पण तोरण जरा जास्तच झालंय गं."

एवढंच. त्यात टोचण्यासारखं काही नव्हतं. पण माझ्यासारख्या मुली असं वाक्य घरी नेतात आणि रात्रभर परत परत ऐकतात. दुसऱ्या दिवसापासून मी दोरे कमी बांधायला लागले. काम सुधारलं होतं म्हणून कमी, असं मी स्वतःला सांगत होते.

त्यानंतरच्या मंगळवारी माझी मुलाखत होती. हैदराबादच्या एका संस्थेत पीएच.डी.साठी, व्हिडिओवर, नऊ वाजता. मी हे बाईंना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. नाही मिळालं तर कुणाला कळायला नको, हा माझा जुना हिशेब. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर त्यांनी मला सुट्टी दिली असती आणि वर दहीसाखर दिली असती. मी सकाळी नेहमीसारखी गेले. बाई गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पांढऱ्या भातावर काम करत होत्या. माझ्याकडे राताच्या चार लोंब्या होत्या. आठ वाजले तरी पहिलीही अर्धीच झाली होती. मग मी टोकं भराभर उडवली, चिमटा आत घातला, फिरवला आणि बाहेर काढला. काही फुलांत सहा पिशव्या निघाल्या असतील. काहींत मी मोजल्या नाहीत. शेवटच्या लोंबीत काही फुलं आधीच उघडायला लागली होती, पिवळी पूड माझ्या बोटाला लागली. ती मी कुर्त्याला पुसली.

लाल दोऱ्याचं रीळ माझ्या पायाशीच होतं. चार लोंब्यांना चार दोरे, एक मिनिटाचं काम. पण चारही बांधले असते तर बाईंनी "आज काय झालं?" विचारलं असतं. मी चारही लोंब्यांवर पिशव्या चढवल्या, चिठ्ठ्या लावल्या आणि "पोट दुखतंय" असं सांगून निघाले. मुलाखत मी लिफ्टच्या मशीनच्या खोलीपाशी जिन्यात बसून दिली. तीत माझी निवड झाली नाही.

महिन्यानं लोंब्या उघडल्या तेव्हा बाईंच्या लोंब्यांत दोन-तीन, कशात चार दाणे भरले होते. नीट केलेल्या कामात एवढेच भरतात. माझ्या त्या चार लोंब्या दाण्यांनी वाकल्या होत्या. बाईंनी त्या तळहातावर घेतल्या आणि म्हणाल्या, "अगं, हात आहे की काय! माझ्या उभ्या जन्मात मला असं साधलं नाही." मी हसले. हसले हे मला नीट आठवतं. सगळं बी एका पाकिटात गेलं.

ते त्यांनी उन्हाळी हंगामात लावलं. राताला दिवस लहान झाल्याशिवाय लोंब्या येत नाहीत, म्हणून रोज दुपारी चारला आम्ही टबांवर काळं कापड पांघरायचो. रोपांना खारं पाणी दिलं. राता ज्यांचा बाप होता ती रोपं आठवड्यात करपली. राता ज्यांची आई होती त्यांतली बहुतेक हिरवीगार उभी. उंची राताची, दाणा लाल. आता खरोखर संकर झालेलं पोरही पहिल्या पिढीत असंच दिसतं, उंच आणि लाल. म्हणून नुसतं बघून काही कळत नव्हतं. मला कळत होतं. निदान तीव्र शंका होती. ती रोपं कुणाची पोरं नव्हती, ती राताच होती. खारं पाणी त्याला नवीन नव्हतं.

बाईंनी एक छोटा लेख लिहिला. सुरुवातीलाच हिराबायचं नाव घातलं, हा प्रश्न तिचा आहे म्हणून. लेख छापून आल्यावर रविवारी फोन बंद होईना. बाईंच्या पहिल्या विद्यार्थिनी रेवतीताई, ज्या आता त्यांच्याच जुन्या केंद्राच्या प्रमुख आहेत, त्या पेढे घेऊन आल्या. मला जवळ घेऊन म्हणाल्या, "शेवटची विद्यार्थिनी सगळ्यांना भारी पडली!" त्या दिवशी बोलता आलं असतं. पेढा तोंडात होता, असं कारण मी स्वतःला कितीतरी दिवस दिलं.

पावसाळ्यात दुसरी पिढी लावली. गच्चीवर जागा थोडी, म्हणून बाईंनी खाऱ्या पाण्यात सर्वांत उत्तम टिकलेली पाच झाडं निवडली आणि फक्त त्यांचंच बी पेरलं. बाकीच्यांचं बी पाकिटांत राहिलं. खऱ्या संकराच्या दुसऱ्या पिढीत काही झाडं लाल दाण्याची आणि काही पांढऱ्या दाण्याची निघायलाच हवीत. ऑक्टोबरात बाई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून नखानं एकेक दाणा सोलायला बसल्या. लाल. लाल. लाल. संध्याकाळपर्यंत पाचही झाडांच्या सगळ्या पोरांचे दाणे सोलून झाले. एकही पांढरा नव्हता.

"हे फार शुद्ध आहे," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "एवढं शुद्ध नको होतं."

मग त्यांनी स्वतःचा उजवा हात समोर धरला आणि बघत राहिल्या. सत्तरी उलटलेल्या माणसाचा हात जेवढा हलतो तेवढा तो हलत होता. "पिशव्या राहिल्या आत. माझ्याच हातून. तुझा हात मी बघितलाय, तो चुकायचा नाही." मी वर्तमानपत्रावरची फोलपटं गोळा करायला लागले.

त्या रात्रीच त्यांनी पत्र लिहिलं. लेख मागे घेत असल्याचं, आणि 'फुलांतील परागकोश काढताना माझ्याकडून हयगय झाली' हे वाक्य. ते पत्र टाइप मी केलं. त्यांनी शब्द सांगितले, मी बोटं चालवली.

पुढे हात दाखवायला ठाण्याला एका मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायचं होतं. दवाखाना माझ्या घराजवळ, म्हणून बाईंनी मलाच सोबत बोलावलं. डॉक्टरांनी कागदावर चकली काढायला सांगितली. बाईंनी काढली, व्यवस्थित. मग बोटं नाकाला लावा, भांड्यातलं पाणी ओता. डॉक्टर म्हणाले, "वयाची थरथर आहे मॅडम, तीही किरकोळ. औषध देण्यासारखं काही नाही." बाई पुढे सरकून म्हणाल्या, "मग मी फुलात पिशव्या कशा विसरले? नीट तपासा. मी आयुष्यभर हेच काम केलंय." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं मी नात आहे, समजावेन. भिंतीवर मेंदूचं चित्र होतं. मी त्यावरची नावं वाचत बसले. पुस्तकं वाचलेली मुलगी होते, सगळी नावं मला येत होती.

रिक्षात बाई म्हणाल्या, "डॉक्टर चांगला आहे, पण त्याला माझं काम कळलं नाही." त्यानंतर त्यांनी चिमटा हातात घेतला नाही.

मी हे लिहीपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही ते आता सांगते. पाकिटांत राहिलेल्या बियांमध्ये बाईंनी स्वतः केलेल्या लोंब्यांची पोरं होती. ती खरी असणार होती. कुठली झाडं ते कळत नव्हतं, पण सगळी लावून बघितली असती तर खरी आणि खोटी वेगळी झाली असती आणि प्रश्नाचं उत्तर त्याच गच्चीवर मिळालं असतं. बाईंनी ती लावली नाहीत, कारण त्यांच्या मते चुकलेला हात त्यांचा होता. "पाच ठिकाणी चुकला तो बाकी ठिकाणी कशावरून नाही?" त्या म्हणाल्या. माझं एक वाक्य पुरलं असतं. "बाई, त्या चार लोंब्या माझ्या होत्या."

त्या वर्षीचा चुकांचा भात लाल होता, पाकिटांतलं बीही त्यातच कांडलं गेलं होतं. आम्ही दोघीच होतो. बाईंनी तूप वाढलं, म्हणाल्या, "माझी चूक सगळ्या देशाला कळली, आता परत काय सांगू? तू सांग." मी सांगितलं, की एकदा टबाला पाणी घालायला विसरले. बाई म्हणाल्या, "एवढीशीच? बरं, पोटभर जेव." मी जेवले. दोनदा घेतला.

त्या हिवाळ्यात हैदराबादला मी परत अर्ज केला. बाईंनी शिफारसपत्र दिलं, त्यात लिहिलं होतं की या मुलीच्या हाताबद्दल मी खात्री देते. या वेळी मला प्रवेश मिळाला. फोनवर त्या विचारायच्या, "लोंब्या आल्या का?" मी तिकडे भातावरच काम करत होते, म्हणून सांगण्यासारखं पुष्कळ असायचं. तीनदा मी सांगायचं ठरवून फोन केला. एकदा त्यांना सर्दी होती. एकदा सेक्रेटरी बसले होते. तिसऱ्यांदा काहीच अडचण नव्हती. या वर्षी जानेवारीत त्या झोपेतच गेल्या.

शोकसभा डोंबिवलीलाच झाली. दूरदूरून माणसं आली. मला 'शेवटची विद्यार्थिनी' म्हणून बोलायचं होतं, दोन पानं लिहून आणली होती. माझ्या आधी रेवतीताई बोलल्या. म्हणाल्या, "अखेरीस बाईंचा हात थकला. पण ती चूक त्यांनी स्वतः छापून जगाला सांगितली. एवढं धैर्य आपल्यात कुणात आहे?" टाळ्या वाजल्या. माझ्या शेजारी हिराबाय बसली होती, नऊवारी, डोक्यावर पदर. ती माझ्या कानाशी वाकली.

"बायचा हात कापत व्हता? कवा? माझे नातीचे कानान डूल तिनंच घातला, एका झटक्यान."

"नव्हता कापत," मी म्हटलं.

"मंग?"

"ती चूक माझी होती, आजी. मी केली, आणि बोलले नाही."

हिराबायनं माईककडे बोट केलं. "मंग मना कशाला सांगतंस? तिकरं सांग."

माझं नाव पुकारलं तेव्हा मी दोन पानं खुर्चीवरच ठेवली. जे झालं ते सांगितलं, लोंब्यांच्या संख्येसकट. वाईट मराठीत सांगितलं, मध्ये मध्ये इंग्रजी आलं. कुणी ओरडलं नाही. मागे एक खुर्ची सरकली. सूत्रसंचालकांनी पुढचं नाव घेतलं. बाहेर चहाच्या टेबलापाशी माझ्याभोवती जागा मोकळी राहिली. शेवटी रेवतीताई आल्या. पेढे भरवणाऱ्या त्याच. म्हणाल्या, "त्या हात दाखवायला डॉक्टरकडे गेल्या होत्या, ठाऊक आहे तुला?"

"मी सोबत होते," मी म्हटलं. त्यावर त्यांनी कप खाली ठेवला आणि त्या दुसऱ्या लोकांशी बोलायला गेल्या.

लेख छापणाऱ्या संपादकांना मी त्या आठवड्यात माझ्या नावानं पत्र पाठवलं. हैदराबादच्या माझ्या मार्गदर्शकांना सांगितलं. ते म्हणाले की माझं आजवरचं सगळं काम दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यावं लागेल. ते चालू आहे. राता खरोखर आईवर जातो का, हे मात्र आजही कुणाला माहीत नाही. बाईंना कळलं असतं. हिराबायला आधीपासून माहीत आहे, पण तिचं नाव असलेला लेख मागे घेतला असं छापून आलेलं आहे, आणि ते माझ्यामुळे.

मे महिन्यात रेवतीताईंचा फोन आला. कोरडा होता. त्या खडवलीला जागा घेऊन तो प्रयोग परत करणार होत्या, त्यासाठी राताचं बियाणं हवं होतं, आणि हिराबायचं घर मला ठाऊक होतं. आम्ही दोघी गेलो. हिराबायनं ओटीवर बसवलं, पाणी दिलं, बाईंची आठवण काढून डोळे पुसले. मग आतून कणगीतलं बियाणं सुपात घेऊन आली. मी पिशवीचं तोंड उघडून पुढे केलं.

तिनं सूप मागे घेतलं.

"तुला नाय," ती म्हणाली. राग नव्हता तिच्या आवाजात. दुकानदार सुटे नाहीत म्हणून सांगतो तसं म्हणाली. आणि रेवतीताईंकडे वळून, "तू धर. हिनं बाजूला उबं रावाचं न् सांगाचं, कसा कराचा नाय तो."

रेवतीताईंनी माझ्या हातातून पिशवी घेतली. मी बाजूला उभी राहिले.